"अ‍ॅस्ट्रोजही 7-19 होते" हा दिलासा किती खरा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनला आलेल्या एका ताईंचा 10 वर्षांचा मुलगा इथल्या लीगमध्ये बेसबॉल खेळतो. हंगाम 14 सामन्यांचा, आणि त्याच्या संघानं पहिले सहाच्या सहा सामने गमावलेत. कोच पालकांना सांगतात, "काळजी नको, 2024 मध्ये अ‍ॅस्ट्रोजसुद्धा 7-19 होते आणि तरी डिव्हिजन जिंकले." (अ‍ॅस्ट्रोज हा ह्यूस्टनचा मेजर लीग संघ, 7-19 म्हणजे 7 विजय आणि 19 पराभव, आणि डिव्हिजन म्हणजे लीगमधला संघांचा गट.) ताईंना क्रिकेट चांगलं कळतं, बेसबॉल आत्ता कळायला लागलंय. त्या विचारतात: हे खरं आहे का, आणि असं नेहमी होतं का?

मी जळगावची. कॉलेजपर्यंत सॉफ्टबॉल खेळले, पिचर (चेंडू टाकणारी) होते. गेली 19 वर्षं ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या बाजूला शाळकरी मुलांना पिचिंग शिकवते. 2024 चा अ‍ॅस्ट्रोजचा हंगाम मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कोचनी सांगितलेले आकडे खरे आहेत. पण त्यातून मिळणारा दिलासा माझ्या मते अर्धाच खरा आहे, कारण त्या हंगामाची गोष्ट डिव्हिजन जिंकल्यावर संपत नाही. आणि तुमचा खरा प्रश्न संघ सावरेल का हा नाहीच. हे सहा पराभव कशामुळे झाले, हा तुमचा प्रश्न आहे. ते कळल्याशिवाय सावरण्याबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही.

आधी 7-19 म्हणजे काय ते पाहू. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, एक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर 162 सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. 100 सामने जिंकणारा संघ फार मोठा समजला जातो, आणि तोही 62 हरलेला असतो. त्यामुळे इथे चार-पाच सामने ओळीनं गेले तर जुने लोक वर्तमानपत्राचं पान उलटतात. पण 26 पैकी 7 ही वेगळी गोष्ट आहे. अ‍ॅस्ट्रोजनी त्या वर्षी शेवटी 88 जिंकले, 73 हरले (एक सामना झालाच नाही). त्या दर्जाच्या संघानं 26 सामन्यांत 14 जिंकावेत. 11 ते 17 मधलं काहीही झालं तर मी त्याला नशिबाचा खेळ म्हणेन. अगदी 9 जिंकले तरी खूप वाईट महिना म्हणून सोडून देईन. सात म्हटल्यावर मात्र शोधायलाच हवं. नुसत्या नशिबानं इतकं खाली जाता येत नाही.

तरी नशीब होतंच. सुरुवात घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध चार सामन्यांनी झाली आणि चारही गेले. पहिल्या दिवशी अ‍ॅस्ट्रोज 4-0 नं पुढे होते, हरले 5-4. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये अ‍ॅस्ट्रोजचा मॉरिसिओ डुबॉन बरोबरीचा रन काढायला होम प्लेटकडे धावला आणि यँकीजच्या हुआन सोटोनं राइट फील्डमधून फेकून त्याला बाद केलं. चौथ्या दिवशी नवव्यातच त्याच सोटोनं अ‍ॅस्ट्रोजच्या जॉश हेडरच्या चेंडूवर विजयी रन काढून दिला, 4-3. असे सामने चार वेळा खेळले तर दोन जिंकले जातात. हा भाग काळ आपोआप फेडतो, त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही. वर्षभराचं गणित पाहिलं तर अ‍ॅस्ट्रोजनी दिलेल्या रनांपेक्षा काढलेले रन सुमारे 90 नं जास्त होते. म्हणजे संघ मुळात चांगला होता.

आता जे नशीब नव्हतं ते. पिचरच नव्हते. जस्टिन व्हर्लँडर खांद्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला बाहेर. लान्स मॅककलर्स आणि लुईस गार्सिया आधीच्या शस्त्रक्रियांमुळे बाहेर, ते पूर्ण वर्ष आलेच नाहीत. होसे उर्किदी बाहेर. पहिल्या सामन्याचा पिचर फ्रॅम्बर वाल्देझ एप्रिलमध्ये कोपर दुखून काही आठवडे बसला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पाच गोलंदाजांपैकी तीन-चार नाहीत आणि सामने रोज आहेत. सुरुवातीचा पिचर तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये उतरला की उरलेलं ओझं बुलपेनवर (राखीव पिचरांवर) पडतं. आज थकलेला बुलपेन उद्याही थकलेलाच असतो. एका माणसाची दुखापत अशी चार दिवसांच्या सामन्यांत पसरते. नवीन प्रेक्षकाला हे दिसत नाही. त्याला फक्त दिसतं की आठव्या इनिंगमध्ये कुणीतरी सामना घालवला.

यातली एक सुंदर गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हर्लँडर नव्हता म्हणून रोनेल ब्लांको नावाच्या 30 वर्षांच्या पिचरला जागा मिळाली. मेजर लीगमध्ये सामन्याची सुरुवात करण्याची त्याची ही जेमतेम आठवी वेळ. 1 एप्रिलला त्यानं टोरोंटोला एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिली नाही, नो-हिटर, 10-0. चार पराभवांनंतरचा संघाचा पहिला विजय तोच. पुढे वर्षभरात त्यानं 13 सामने जिंकले, 6 हरला. तो माणूस आधीपासून संघाच्या आसपासच होता. दारात उभं राहायची संधी त्याला दुसऱ्याच्या दुखापतीनं दिली.

दुसरं कारण पहिल्या बेसवर होतं. तिथे खेळणाऱ्या होसे अब्रेउबरोबर 3 वर्षांचा, 5 कोटी 85 लाख डॉलरचा करार होता आणि 2024 चं त्यातलं दुसरं वर्ष. एप्रिलअखेर त्याच्या नावावर 71 वेळांत 7 हिट होत्या. अशा वेळी नवखा व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला हेच म्हणतात) करार बघतो आणि माणसाला खेळवत राहतो. जो एस्पाडांचं मुख्य व्यवस्थापक म्हणून ते पहिलंच वर्ष होतं, डस्टी बेकर निवृत्त झाल्यावर ते आले होते. महिन्याभरात अब्रेउला त्याच्या संमतीनं फ्लोरिडाच्या सराव केंद्रावर पाठवलं गेलं आणि जूनमध्ये करारातले उरलेले पैसे सोसून मोकळं केलं. मला हा निर्णय त्या हंगामातला सर्वांत धाडसी वाटतो. ज्या खेळाडूनं अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवलेला आहे, त्याला सांगायचं की आता नाही. मला 10 वर्षांच्या मुलाच्या वडिलांना "तो या शनिवारी पिच करणार नाही" हे सांगतानासुद्धा घसा कोरडा पडतो.

तिसरी गोष्ट हंटर ब्राऊनची, आणि इथे मी जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या मुलाला उपयोगी पडेल असं सगळं इथेच आहे. 11 एप्रिलला कॅन्सस सिटीत ब्राऊननं दोन बळी घेईपर्यंत 11 हिट आणि 9 रन दिले. एक इनिंगही पूर्ण न करता 11 हिट देणारा आधुनिक काळातला तो पहिलाच पिचर. 25 वर्षांचा मुलगा, हात तोफेसारखा. वेग नेहमीसारखाच होता. अडचण अशी की उजव्या हाताच्या फलंदाजांना त्याचा चेंडू आत येईल याची भीतीच नव्हती. त्याचा फोर-सीम (नेहमीचा जलद चेंडू) सरळ येतो, बाकीचे चेंडू खाली किंवा बाहेर जातात. फलंदाज निवांत पुढे झुकून उभे राहायचे. मे महिन्यात त्यानं सिंकर वापरायला सुरुवात केली. म्हणजे बोटं शिवणीच्या आडवी न ठेवता अरुंद शिवणींवर उभी ठेवायची. उजव्या हाताच्या पिचरचा असा चेंडू उजव्या फलंदाजाच्या हातांकडे, आत आणि खाली जातो. क्रिकेटवाल्यांना इन-कटर म्हटलं की लगेच कळेल. फलंदाजाला एकदा बोटांवर चेंडू खावा लागला की तो पुढे झुकत नाही, आणि मग तोच जुना सरळ चेंडू पुन्हा जलद वाटायला लागतो. वर्षाच्या शेवटी ब्राऊन 11-9, नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी 3.49. एप्रिलमधल्या त्या दिवसाचे आकडे या सरासरीत धरलेले आहेत, हे लक्षात घ्या.

माझ्याकडे मुलं मार खाऊन येतात तेव्हा पालक म्हणतात, "अजून जोरात टाकायला शिकवा." मी वहीत पहिली नोंद वेगळीच करते: फलंदाज कुठे उभा आहे? तो प्लेटला चिकटून निर्धास्त उभा असेल तर जोर वाढवून काही होत नाही. त्याच्या मनात शंका निर्माण करावी लागते. 10 वर्षांच्या मुलाला मी सिंकर, कर्व्ह (वळून खाली पडणारा चेंडू) काहीही शिकवत नाही. पण त्याच चेंडूची जागा बदलायला शिकवते: एक आत, एक बाहेर. आणि साधा चेंज-अप, म्हणजे हात तितकाच जोरात फिरवायचा, चेंडू तळव्यात खोल धरायचा. एवढं या वयाला पुरतं.

तर आत्तापर्यंत तीन वेगळ्या जातींची कारणं दिसली. नशीब आपोआप फिरलं. दुखापतींवर वेळ आणि ब्लांकोसारखी माणसं हे उत्तर होतं. अब्रेउ आणि ब्राऊनच्या बाबतीत मात्र कुणीतरी बसून विचार करून काहीतरी बदललं. 7-19 नंतर अ‍ॅस्ट्रोज 81-54 खेळले. या गतीनं पूर्ण वर्ष खेळले असते तर 97 विजय झाले असते.

ही सुधारणा एका रात्रीत झाली नाही, हेही सांगते. 7-19 नंतरचे दोन सामने मेक्सिको सिटीत कोलोरॅडोविरुद्ध होते आणि दोन्ही दणक्यात जिंकले, 12-4 आणि 8-2. सगळे म्हणाले, फिरलं. मी म्हटलं, कोलोरॅडो आहे, थांबा. आणि मेच्या पहिल्या आठवड्यानंतर संघ 12-24 होता. दुबळ्या संघावरच्या मोठ्या विजयानं हुरळून जाऊ नका, तुमच्या लीगमध्येही नाही.

आता परिस्थितीचा भाग. 18 जूनला सिअ‍ॅटल मरिनर्स अ‍ॅस्ट्रोजपेक्षा 10 सामन्यांनी पुढे होते. महिनाभरात ती आघाडी पुसली गेली. यात अ‍ॅस्ट्रोजचं श्रेय आहेच, पण सिअ‍ॅटलची फलंदाजी आटली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी व्यवस्थापकालाच काढलं, हेही तितकंच खरं. आदल्या वर्षीचा जगज्जेता टेक्सास रेंजर्स संघ 78-84 वर राहिला. डिव्हिजनमध्ये दुसरा आलेला सिअ‍ॅटल 85 वर थांबला. समोरचे थांबले म्हणून पाठलाग जमला. एखाद्या तगड्या डिव्हिजनमध्ये हीच 88 तिसऱ्या नंबरची ठरू शकते. जुलैअखेर टोरोंटोकडून आणलेल्या पिचर युसेई किकुचीनंही मोठा हातभार लावला. तिकडे त्याची सरासरी 4.75 होती, इथे 10 सामन्यांत 2.70. कर्व्ह कमी केला, स्लायडर (जलद, बाजूला वळणारा चेंडू) वाढवला. पुन्हा तेच: माणूस तोच, चेंडूंची वाटणी वेगळी. 24 सप्टेंबरला घरच्या मैदानावर सिअ‍ॅटललाच 4-3 हरवून डिव्हिजन पक्की केली. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले.

कोच इथे थांबतात. मी थांबू शकत नाही, कारण एप्रिलचं देणं अजून बाकी होतं.

अमेरिकन लीगमध्ये तीन डिव्हिजन आहेत. त्यांच्या विजेत्यांपैकी ज्या दोघांचे विजय सर्वांत जास्त, त्यांना पहिल्या फेरीची सुट्टी मिळते. तिसऱ्या विजेत्याला मात्र वाइल्ड कार्डची फेरी खेळावी लागते आणि तिथे तीनपैकी दोन सामने जिंकले तरच पुढे जाता येतं. 2024 मध्ये यँकीज 94 वर होते, क्लीव्हलंड 92 वर, आणि अ‍ॅस्ट्रोज 88 वर. एप्रिलमध्ये 7 ऐवजी 12 जिंकले असते, म्हणजे वाईटच पण जरा कमी वाईट महिना गेला असता, तर क्लीव्हलंडच्या पुढे जाऊन पाच दिवस विश्रांती मिळाली असती. डिव्हिजनची शर्यत त्यांनी भरून काढली. सुट्टीची शर्यत नाही काढता आली.

आणि समोर आलं डिट्रॉइट. त्यांच्याकडे तारिक स्कूबल, त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर. 162 सामन्यांत असा एक माणूस पाच दिवसांतून एकदाच येतो, संघाची खोली महत्त्वाची ठरते. तीन सामन्यांच्या लढतीत तो एकटा एक तृतीयांश असतो. पहिल्या सामन्यात त्यानं सहा इनिंग एकही रन दिला नाही, डिट्रॉइट 3-1. दुसऱ्यात आपल्या ब्राऊननं एकच रन दिला, सातव्या इनिंगअखेर अ‍ॅस्ट्रोज 2-1 नं पुढे होते. आठव्यात बरोबरी झाली, तिन्ही बेस भरले, आणि अँडी इबानेझनं हेडरच्या चेंडूवर तीन रनांचा डबल (दोन बेस मिळवणारा फटका) मारला. 5-2. संपलं. डिट्रॉइटच्या डगआउटमध्ये ए. जे. हिंच उभे होते, 2017 मध्ये अ‍ॅस्ट्रोजना चालवणारे. 2017 ते 2023 सलग सात वर्षं लीगच्या अंतिम फेरीत पोचलेला संघ दोन दिवसांत घरी बसला. दोन सामन्यांत मिळून त्यांनी फक्त 3 रन काढले होते.

हे सगळं दोन दिवसांच्या नशिबावर ढकलता येईल, आणि थोडंफार तसं आहेही. पण फलंदाजीतलं भगदाड जुनं होतं. अब्रेउ गेला, पण पहिल्या बेसवर त्याच्या तोलाचा फलंदाज आला नाही. खराब माणूस काढणं आणि चांगला माणूस मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काइल टकर जूनच्या सुरुवातीला स्वतःच्याच बॅटचा चेंडू नडगीवर लागून बसला, हाड मोडलेलं होतं, तो सप्टेंबरमध्ये परतला. वर्षात फक्त 78 सामने खेळून 23 होमरन मारणारा माणूस तीन महिने नव्हता. अल्टुवे आणि अल्वारेझ यांच्यानंतरच्या जागा पातळ राहिल्या. लांब हंगामात ते झाकलं जातं, कारण रोज स्कूबल समोर नसतो.

क्रिकेटमधून ओळखीचं उदाहरण हवं असेल तर 2014 ची मुंबई इंडियन्स आठवा. पहिले पाच सामने गेले. शेवटी वानखेडेवर राजस्थानविरुद्ध 190 चा पाठलाग 15 षटकांच्या आत करायची वेळ आली, कोरी अँडरसननं झोडपलं आणि आदित्य तरेनं षटकार मारून संघाला आत नेलं. तीन दिवसांनी ब्रेबॉर्नवर चेन्नईनं हरवलं. वानखेडेवरची रात्र सगळ्यांना आठवते, ब्रेबॉर्नची कुणाला नाही. पूर्ण सावरणारे संघही असतात. 2019 मध्ये वॉशिंग्टन 19-31 वरून निघाला आणि थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकला, तीही ह्यूस्टनमध्येच, अ‍ॅस्ट्रोजना सातव्या सामन्यात हरवून. त्या संघाकडे शेरझर आणि स्ट्रासबर्गसारखे पिचर होते. म्हणून "नेहमी असंच होतं का" याचं उत्तर नाही असंच आहे.

माझ्या स्वतःच्या एका संघाचं सांगते. काही वर्षांपूर्वी 10 वर्षांखालची मुलं, पहिले पाच सामने गेले. पालक बॅटिंगवर नाराज होते. वही पाहिली तर वेगळंच निघालं: तिसऱ्या इनिंगनंतर आमचे पिचर फुकटचे बेस (चार चेंडू चौकटीबाहेर गेले की फलंदाजाला मिळणारा बेस) देत होते. कारण दोनच मुलं पिच करत होती आणि ती दमत होती. लिट्ल लीगच्या नियमानं 9-10 वर्षांच्या मुलाला दिवसात 75 चेंडूच टाकता येतात, आणि 66 च्या वर गेला की चार दिवस विश्रांती सक्तीची. आम्ही शॉर्टस्टॉपवरच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेवरच्या) एका लाजाळू मुलाला आणि आणखी एका मुलीला पिच करायला शिकवलं. जोर नव्हता, पण स्ट्राइक पडत होत्या, म्हणजे चेंडू चौकटीत जात होते. उरलेल्यांपैकी बहुतेक सामने जिंकलो. पण सुरुवातीच्या पराभवांमुळे आमचा क्रम खाली होता, बादफेरीत एक जास्तीचा सामना खेळावा लागला, आणि त्यात आमच्या सर्वांत चांगल्या मुलाचे चेंडू संपले. उपांत्य सामन्यात तो माझ्या शेजारी बाकावर बसून होता. मी चूक केली होती ती पहिल्या आठवड्यातच. चार पिचर तेव्हाच तयार करायला हवे होते.

आता तुमच्या मुलाचा संघ. 14 पैकी 6 गेले, 8 उरले. अ‍ॅस्ट्रोजना सावरायला 136 सामने होते, हा मोठा फरक आहे आणि तो कोचना नम्रपणे सांगायला हरकत नाही. काळ आपोआप फेडेल इतका काळ तुमच्याकडे नाही. पुढच्या सामन्याला एक वही घेऊन जा आणि तीनच गोष्टी लिहा: आपल्या पिचरनी किती फुकटचे बेस दिले, पहिला चेंडू किती वेळा स्ट्राइक पडला, आणि किती वेगवेगळ्या मुलांनी पिच केलं. सामने एक-दोन रनांनी जात असतील आणि फुकटचे बेस मोजके असतील तर कोचचं म्हणणं बरंचसं लागू पडतं, मुलांना खेळू द्या. फुकटचे बेस भरपूर असतील आणि पिच करणारी मुलं दोनच असतील तर कोचशी सरावानंतर, एकटं गाठून, तिसऱ्या-चौथ्या पिचरबद्दल बोला. ते बहुधा स्वयंसेवक असतील, चार पालकांसमोर विचारू नका. संघ अगदीच नवखा असेल आणि समोरचे सगळे दोन-दोन वर्षं एकत्र खेळलेले असतील, तर त्यावर या हंगामात उपाय नाही. तेव्हा मुलाला फक्त इतकं विचारा की त्याला स्वतःला पिच करून बघायचंय का.

तो हो म्हणाला तर घराच्या मागच्या अंगणात 46 फूट मोजून घ्या, या वयाचं पिचिंगचं अंतर तेवढंच असतं, आणि आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 25 चेंडू, त्याहून जास्त नको. खांदा किंवा कोपर दुखतं म्हणाला तर त्या दिवशी चेंडू ठेवून द्या.